मेंदूच्या चित्रात आत्मा शोधणाऱ्यांना

ध्यानाने मेंदूत बदल होतात हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे ठासून सांगणारे प्रवचनकार आणि एवढी वर्षे मेंदूची चित्रे काढली पण आत्मा कुठे सापडला नाही, असे सांगणारे नास्तिक हे एकमेकांचे विरोधक समजले जातात. खरे तर दोघांची श्रद्धा एकाच ठिकाणी, एमआरआयच्या रंगीत चित्रावर, बसलेली असते. माझे म्हणणे असे की हे चित्र मेंदू नावाच्या अवयवाबद्दल पुष्कळ सांगते. मनाबद्दल मात्र ते जे काही सांगते, ते त्या माणसाच्या स्वतःच्या साक्षीवर उभे राहून सांगते. ती साक्ष काढून घेतली की हातात रक्ताभिसरणाचा नकाशा उरतो. खानदेशाला हा वाद परका नाही. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले ते अद्वैताच्या अभ्यासासाठी, आणि पाहणारा स्वतः कधी पाहण्याची वस्तू होऊ शकतो का, हा तर अद्वैताचा मूळ प्रश्न.

आधी या चित्राची घडण पाहू. १९९० मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले की रक्तातला प्राणवायू कमीजास्त झाला की एमआरआयचा संकेत बदलतो. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करते. पेशी कामाला लागल्या की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त धावते, ढवळाढवळ कमी होते आणि संकेत जेमतेम काही टक्क्यांनी वाढतो. म्हणजे यंत्राला विचार दिसत नाही, पेशीही दिसत नाहीत. दिसतो तो रक्तपुरवठा, तोही चार-सहा सेकंद उशिरा, आणि अशा दोन-तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यांतून, की एकेकात पेशी लाखांनी मावाव्यात. लाल-पिवळा रंग तर यंत्र देतच नाही. संख्याशास्त्राची एक मर्यादा ठरवून तो नंतर संगणकावर भरला जातो. ही मर्यादा सैल सोडली तर काय होते, हे क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगाला दाखवले. त्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल असे रीतसर विचारले आणि हजारो ठोकळे एकदम तपासताना करायची दुरुस्ती न करता हिशेब मांडला. मेलेल्या माशाच्या मेंदूत लाल ठिपके उमटले!

एवढ्यावरून हे शास्त्रच पोकळ ठरवणे मात्र आळशीपणाचे होईल. ओडिशातून अमेरिकेत गेलेले भरत बिस्वाल यांची कारकीर्द पाहावी. विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थी असताना, १९९५ च्या शोधनिबंधात, त्यांनी दाखवले की माणूस काहीही न करता पडून असला तरी मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या हालचाल-क्षेत्रांतले संकेत एकमेकांच्या बरोबरीने चढतात-उतरतात. श्वासाचा, नाडीचा गोंगाट म्हणून जे गाळून टाकायचे, त्यातच रचना निघाली. पुढे २०१० मध्ये बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांतल्या १,४१४ जणांची अशी चित्रे एकत्र करून सर्वांना खुली केली. भक्कम काम आहे हे. पण ती दोन क्षेत्रे हालचालीची आहेत, हे बिस्वाल यांना कशावरून कळले? त्याच लोकांना आधी बोटे हलवायला सांगितली आणि त्यांनी ती हलवली, यावरून. स्वस्थ पडलेल्या मेंदूच्या नकाशावरची नावेसुद्धा सांगितलेले समजून घेऊन तसे करणाऱ्या माणसाने पुरवलेली असतात.

धर्मानुभवाच्या चित्रणात हे अवलंबन आणखी उघडे पडते. अँड्र्यू न्यूबर्ग यांनी तिबेटी पद्धतीने ध्यान करणाऱ्यांच्या आणि फ्रान्सिस्कन जोगिणींच्या मेंदूंची चित्रे काढली, त्यांचा फार गवगवा झाला. ध्यान रंगले हे यंत्राला समजत नव्हते, म्हणून साधकाच्या हाताशी एक दोरी ठेवली होती. तो क्षण आला की त्याने दोरी ओढायची, मग शास्त्रज्ञांनी शिरेतून किरणोत्सारी द्रव्य सोडायचे. सगळा प्रयोग त्या दोरीला लटकलेला होता. साधकाने दोरी चुकीच्या वेळी ओढली असती तरी चित्र तितकेच सुबक आले असते. शिवाय, चित्र आले म्हणून सिद्ध काय होते? दिवाळीत सातपुड्यातला अस्तंबा चढणाऱ्या, अश्वत्थाम्याच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाच्या मेंदूत काही तरी घडत असणारच. समोर ठेवलेला आंबा पाहतानाही मेंदूत काही तरी घडते. त्यावरून आंबा खोटा ठरत नाही. आणि स्वप्नात आंबा दिसतानाही मेंदूत घडतेच, त्यावरून तो खराही ठरत नाही. कपाळावरची भळभळती जखम घेऊन फिरणारा तो चिरंजीव आहे की नाही, या प्रश्नावर भाविकाच्या मेंदूचे चित्र मुके आहे.

यावर आक्षेप येतो की ही आजच्या यंत्रांची मर्यादा आहे. उद्या माणसाला न विचारताही त्याचे मन वाचता येईल. महाराष्ट्रात असा उतावीळपणा करून झालेला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा ठोठावताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूतील विद्युत्लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. आरोपीने गुन्हा प्रत्यक्ष ‘अनुभवला’ आहे की नुसता ऐकला आहे, हे डोक्याला लावलेल्या तारा ओळखतात, असा या चाचणीचा दावा. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही संमतीशिवाय करता येणार नाही. न्यायालयाने माणसाच्या गप्प राहण्याच्या हक्काचा विचार केला. मला त्यात ज्ञानाचा मुद्दाही दिसतो. शरीराच्या दुसऱ्या एका चित्राशी तुलना करा: टेंभली या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारसाठी घेतलेले बुबुळाचे चित्र हा माणूस कोण ते ठरवते, तो कसा आहे ते नाही. मेंदूच्या चित्राकडून दुसरे उत्तर मागितले की फसगत ठरलेली.

याहून अवघड आक्षेप वैद्यकातून येतो. बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत पडलेल्या, जाणीव गेली असे मानलेल्या एका तरुणीला एड्रियन ओवेन यांनी टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले आणि निरोगी माणसाचे होते तेच क्षेत्र उजळले. २००६ मधली ही गोष्ट. इथे यंत्राने साक्षीवाचून जाणीव ओळखली, असे कोणी म्हणेल. उलट आहे: ती तरुणी सूचना ऐकून वागली. यंत्र तिची जीभ झाले, साक्ष तिचीच होती. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या बाबतीत मात्र मला एक पाऊल मागे यावे लागते. भिल्ल, पावरा समाजांत आढळणाऱ्या या आजारात मेंदूत बारीक रक्तवाहिन्यांचे अडथळे होतात. ना लकवा, ना तक्रार. मुलाला काही जाणवत नाही, आईबापांना दिसते ते एवढेच की पोर शाळेत मागे पडत चालले आहे. एमआरआयवर तीन मिलिमीटरचा डाग स्पष्ट असतो. इथे चित्र मुलापेक्षा जास्त जाणते, हे मान्य करायलाच हवे. पण जाणते ते मेंदूच्या ऊतीबद्दल. अद्वैतवाल्यांनीही यावर फार खूश होऊ नये: ज्ञानात साक्षीदार आधी येतो म्हणून तो अमर ठरत नाही, आणि भूल दिल्यावर तो कुठे जातो याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नाही.

या गोंधळात आदर्श मानावा असा माणूस खानदेशात राबून गेला आहे. १९१६ पासून अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत काम करणारे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान या योगक्रियेत छाती-पोटामधला पडदा किती वर सरकतो हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, नौलीत आतड्यातला दाब किती उतरतो ते मोजले.  क्ष-किरणांना त्यांनी पडद्याबद्दल विचारले, समाधीबद्दल नाही.

यंत्राला विचारण्याजोगा प्रश्न नंदुरबारमध्ये आज हजर आहे. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग साध्या सोनोग्राफीसारख्या ट्रान्सक्रेनियल डॉप्लरने कळतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त वेग आढळलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटतो, हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले. भारतीय मुलांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहत असल्याने आजार अनेकदा सौम्य असतो, पक्षाघात कमी होतात. होतच नाहीत असे नाही. घरात दोन ते सोळा वर्षांचे मूल असेल आणि त्याच्या सिकलसेलच्या रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलेले असेल, तर ही डॉप्लर तपासणी दरवर्षी कुठे होईल, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा.