चुकीच्या इंग्रजीची लाज

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९७ च्या सुमारास आपले आत्मनिवेदन लिहिले. त्यात शाळकरी दिवसांविषयी एक मार्मिक नोंद आहे. लॅटिन त्यांना दायांच्या लाडाकोडात, हसतखेळत आली. परकी ग्रीक मात्र शिक्षेच्या धाकाने शिकवली गेली, म्हणून ती नकोशी झाली. पुढे ते अधिक बोचरे निरीक्षण करतात. 'माणूस' या अर्थाच्या लॅटिन शब्दातील आरंभीचा 'ह' कोणी गाळला, तर लोकांना ते जितके खटकते, तितके त्याने माणसाचा द्वेष केलेला खटकत नाही.

सोळाशे वर्षांनंतर आपल्याकडे त्या 'ह'च्या जागी इंग्रजीतला 'द' आला आहे, इतकेच.

ही परकी भाषा पुण्याने पुस्तकांतून, घोकून, कष्टाने आत्मसात केली. नारायण पेठेतील केसरी वाड्यावरून जाताना याचे स्मरण व्हावे. १८८१ च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक, आगरकर आदी मंडळींनी दोन पत्रे सुरू केली : मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. टिळकांनी 'ओरायन' (१८९३) जगातील पंडितांसाठी इंग्रजीत लिहिला, तर 'गीतारहस्य' (१९१५) स्वजनांसाठी मराठीत. कोणाशी बोलायचे आहे, यावरून भाषा ठरत होती. इंग्रजी येते तो मोठा, असा हिशेब त्या निवडीत नव्हता. समाजात तो तेव्हाही होताच. वरच्या सरकारी नोकऱ्या इंग्रजीवरच मिळत.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी गिरवली, त्यांना ठाऊक आहे की शब्द पाठ करणे सोपे, वाक्याची घडण बदलणे कठीण. 'मला दोन बहिणी आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'मला ताप आहे' या तिन्ही ठिकाणी इंग्रजीला एकच 'हॅव' पुरतो आणि कर्ता 'मी' होतो. मराठीत असे सर्वत्र चालणारे क्रियापद नाही. आपल्याजवळ गोष्टी नुसत्या 'असतात'. भाषासुद्धा आपल्याला 'येते'. (यावरून मराठी माणसाला मालकीची हाव नाही, असे कोणी समजू नये. सातबाऱ्यावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तो शुद्ध मराठीत.) उलट 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद, म्हणजे समोरच्याला वगळणे की सामावून घेणे, इंग्रजीच्या एकाच 'वुई'त लोपतो. 'अ' आणि 'द' ही उपपदे तर आपल्याकडे नाहीतच. शिकणारा 'द' गाळतो, तेव्हा त्याच्या वाक्यात त्याची मातृभाषाच बोलत असते.

म्हणून चूक ही चूकच नव्हे, असे मात्र नाही. काळ, उपपदे, क्रियापदांची रूपे रोज लिहून गिरवावीच लागतात. आळसाला मातृभाषेचे निमित्त नको. प्रश्न आहे तो हसण्याचा. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ती पहिलीपासून आली. कितीतरी घरांतील मुले तर इंग्रजी माध्यमातच शिकतात. आई पाहुण्यांसमोर इंग्रजीत एक वाक्य बोलते, मुलगा खुदकन हसतो, आणि पुढच्या पालकसभेला ती जात नाही. आईच्या ठिकाणी ज्ञानाची उणीव आहे. नीतिशास्त्र तिला दोष मानत नाही. मुलाच्या ठिकाणी बिघाड इच्छेचा आहे, आणि तो बहुधा आपल्या मोठ्यांचे पाहून आलेला असतो. आईच्या मौनाला मी अभिमान म्हणणार नाही. पण चुकण्यापेक्षा गप्प बसणारे, शिकायचे टाळणारे सुशिक्षित पुरुष आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्या मौनाला नम्रता म्हणणे मला जड जाते.

१५७९ मध्ये गोव्यात उतरलेले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये. इंग्रजीत दगडाला, भिंतीला, घराला लिंगभेद नाही; आपल्याकडे दगड तो, भिंत ती, घर ते. सासष्टीतल्या कोणा गावकऱ्यासमोर त्यांनी कधी तरी 'तो'च्या जागी 'ती' म्हटलेच असणार, आणि त्या गावकऱ्याने वाक्य पुरते ऐकून घेऊन मग 'तो' असे सांगितले असणार.