आधी आलेली गाडी

पहाटेचे सव्वाचार. मिसुरी राज्याच्या दक्षिणेला, ओझार्कच्या डोंगरांत, मार्क ट्वेन राष्ट्रीय वनातल्या एका खडीच्या रस्त्यावरून आमची गाडी चालली होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता आणि रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम नुकताच उघडला होता. गाडी चालवत होते माझ्या मुलीच्या शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ. मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, धरणारही नाही. पण ज्या पाखरापायी हा माणूस महिनाभर रात्री आठलाच झोपायला जातो, ते पाखरू एकदा पाहावं म्हणून सोबत निघालो होतो.

रस्ता संपतो तिथे चार गाड्या मावतील एवढी मोकळी जागा होती. आमच्या दिव्यांच्या झोतात एक पिकअप दिसली. काचांवर दव साचलेलं, म्हणजे बराच वेळ उभी असणार.

शेजाऱ्यांनी दिवे मालवले आणि थोडा वेळ नुसते बसून राहिले. आदल्या संध्याकाळी डोंगराच्या समोरच्याच सोंडेवर, ओकच्या फांदीवर एक नर झोपायला चढताना त्यांनी ऐकला होता. आधी जड पंखांची फडफड, मग गळ्यातला तो खडखडाट. त्या एका आवाजाच्या भरवशावर ते रात्री अडीचला उठले होते. त्यांनी गाडी मागे घेतली आणि वळवली.

“एवढं मोठं जंगल आहे,” मी म्हणालो.

“जंगल मोठं आहे. ही सोंड एकापुरतीच आहे.”

हे रान साधारण 15 लाख एकरांचं आहे आणि ते साऱ्या देशाचं आहे. परवाना खिशात असला की कोणीही, कुठूनही आत शिरावं. आधी लागलेल्या गाडीला कायद्यात काहीही किंमत नाही. शेजारी त्या पिकअपशेजारी गाडी लावून त्याच सोंडेवर चढले असते, तर त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही आपली म्हण तिथे अक्षरशः लागू करायची मुभा कायद्यानेच दिली आहे. ती मुभा घ्यायची नाही, हे ज्याचं त्याने अंधारात, गाडीत बसून ठरवायचं असतं.

एकाच सोंडेवर दोघं का चालत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. वसंत हा टर्कीच्या विणीचा काळ. पहाटे झाडावरूनच नर साद घालतो, आणि निसर्गाचा रिवाज असा की माद्या त्याच्याकडे चालत जातात. शिकारी हा रिवाज उलटा करू पाहतो. झाडाला पाठ टेकून तो निश्चल बसतो, खडू घासलेल्या लाकडी डबीचं झाकण काठावर हळूच ओढतो, त्यातून मादीचा आवाज निघतो, आणि नराने आपणहून चालत यावं अशी वाट पाहतो. कधी दहा मिनिटं, कधी तीन तास. नर चाळीसेक पावलांवर आला तरच गोळी झाडायची. त्याची नजर एवढी तीक्ष्ण की डोळ्याशी आलेलं चिलट हाकललंत तरी तो गेलाच म्हणून समजा. अशा वेळी दुसऱ्या बाजूने कोणी पाचोळा तुडवत आलं, की नर मुका होतो. पुढे कितीतरी दिवस तो मुकाच राहू शकतो. म्हणजे नुकसान फक्त आधी आलेल्याचं होत नाही, नंतर येणाऱ्या सगळ्यांचं होतं.

धोका तर वेगळाच. सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाडापानांच्या रंगाच्या कपड्यांत, आणि सगळे मादीचा आवाज काढत बसलेले. नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं, म्हणून तिथे या तीन रंगांचा साधा हातरुमालही कोणी बाहेर काढत नाही. आवाजाच्या रोखाने दबकत जायचं नाही हा पहिला धडा, कारण तो आवाज माणसाचा असू शकतो. तरीही काही जण टर्कीच्या शेपटीचा पंखा तोंडासमोर धरून त्याच्याआडून नराकडे सरपटत जातात. सार्वजनिक जमिनीवर हा प्रकार काही राज्यांनी बंद केला आहे. सगळ्यांनीच करावा. जिथे झाडाआड दुसरा माणूस असण्याची शक्यता आहे, तिथे स्वतः पाखरू होऊन रांगणं म्हणजे दुसऱ्याच्या बोटावर आपला जीव ठेवणं आणि त्याच्या माथी जन्माचं ओझं मारणं.

हा धोका आम्हाला त्याच सकाळी जवळून पाहायला मिळाला. दुसऱ्या ठिकाणी दोन गाड्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळेपर्यंत उजाडलं होतं, डॉगवूडची पांढरी फुलं दिसू लागली होती. तासाभराने डाव्या उतारावरून मादीचा आवाज आला. मला तो अगदी खरा वाटला. शेजारी मात्र दगडासारखे बसून राहिले. आवाज पुन्हा आला, अधिक जवळून. तसे ते हात न हलवता खणखणीत आवाजात ओरडले, “इथे माणूस आहे!” बाभळीएवढ्या एका झुडपामागून वीस-बावीस वर्षांचा तरुण उभा राहिला. चेहरा पांढराफटक. तो डोंगराच्या पलीकडून आला होता, आमची गाडी त्याला दिसणं शक्यच नव्हतं. तीनतीनदा माफी मागून तो आल्या वाटेने परत गेला. शेजाऱ्यांचा हात मात्र नंतर बराच वेळ थरथरत होता.

इतकी गर्दी का, याचं उत्तर एका अर्थी आनंदाचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पाखरू अमेरिकेतून जवळजवळ पुसलं गेलं होतं. 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. पुढे उरलेसुरले थवे जाळी उडवून पकडले गेले आणि ओसाड रानांत सोडले गेले. मिसुरीने 1960 मध्ये तीन दिवसांचा वासंतिक हंगाम पुन्हा सुरू केला, तेव्हा सगळे मिळून 94 नर मारले गेले. 2004 च्या वसंतात हा आकडा 60,000 च्या वर गेला. आता अनेक राज्यांत पाखरं पुन्हा कमी होत आहेत, आणि फोनवरच्या नकाशांनी प्रत्येक सोंड प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवली आहे. काही राज्यांनी बाहेरून येणाऱ्यांचे परवाने मोजून द्यायला सुरुवात केली. यात एक पेच आहे: राष्ट्रीय वनाची जमीन साऱ्या देशाची, पण तिच्यावरचं पाखरू राज्याच्या ताब्यातलं. दुसऱ्या राज्यातला माणूस त्या रानाचा मालक आहे, त्या रानातल्या टर्कीबाबत मात्र पाहुणा.

आधी येईल त्याची जागा, हा रिवाज मला त्या पहाटे फार उदात्त वाटला होता. नंतर विचार केला तेव्हा त्यातली खोट दिसली. रात्री दोनलाच गाडीत येऊन झोपण्याची सवड कोणाला असते? निवृत्ताला, रजा काढू शकणाऱ्याला. रात्रपाळी संपवून सहाला सुटणारा कामगार या शर्यतीत कधीच पहिला येणार नाही, आणि जमीन त्याचीही तेवढीच आहे. त्यामुळे गर्दीच्या रानांत पहिल्या आठवड्यापुरत्या तरी चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरवाव्यात, या मताचा मी झालो आहे. शेजाऱ्यांना हे पटलं नाही. “चिठ्ठी निघाली की माणसाला वाटतं, जागा आता आपल्या हक्काची,” ते म्हणाले. “मग तो दुसऱ्याकडे बघायचंच सोडतो.” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मला टोचत राहिलं आहे. तरी त्या कामगाराचं काय, याचं उत्तर त्यात नाही.

शिकार करावी की नाही, हा प्रश्न मी इथे सोडवत नाही. त्या पाखराच्या मरणाने मला आनंद होणार नव्हता. पण आपल्याएवढाच हक्क असलेल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसासाठी कोणी आपली रात्रीची झोप आणि आदल्या दिवसाची मेहनत मुकाट्याने सोडून देतो, हे मी पाहिलं आणि मला ते फार मोठं वाटलं.

सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकला बंदूक खाली ठेवावी लागते. परतताना शेजाऱ्यांनी मुद्दाम त्याच रस्त्याने गाडी घेतली. पिकअप अजून तिथेच होती, काचांवरचं दव वाळलं होतं. त्यांनी वेग कमी केला, खिडकीची काच उतरवली आणि सोंडेकडे पाहिलं.

“तिकडून बार ऐकलात का तुम्ही, सकाळपासून?” त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मीही नाही,” ते म्हणाले, आणि काच वर केली.