ताप उतरल्यानंतरचे आठवडे

हृदयाच्या झडपेवर जिवाणूंचा संसर्ग झाला, की बहुतेकदा ४ ते ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक्स घ्यावी लागतात. जिवाणू झडपेवरच्या गाठींत दडलेले असतात, औषध तिथवर सहज पोचत नाही. ताप मात्र अनेकदा आठवड्याभरात उतरतो. मग विठ्ठलवाडीहून लोकलने रोजंदारीवर जाणारा माणूस डिस्चार्ज मागतो आणि आपण त्याला बेजबाबदार ठरवतो.

पेनिसिलिन येण्याआधी हा आजार जवळपास हमखास जीव घ्यायचा. ते देशातच बनावं म्हणून १९५४ साली सरकारने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू केली. म्हणजे औषध पुरवणं ही सगळ्यांची जबाबदारी मानली गेली. मग ते पुरं होईपर्यंत बुडणाऱ्या मजुरीचा भार एकट्या रुग्णावर का?