उसासा

काही वर्षांपूर्वी आम्ही धर्मग्रामातील युवक-युवतींसह काही मतिमंद व अपंग मुलांना भाज्याची लेणी दाखवावयास नेले होते. (आता ‘दिव्यांग’ म्हणावयाचे. शब्द बदलला, पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.) एका नऊ वर्षांच्या मुलास पाठुंगळी घेऊन आम्ही चढू लागलो. त्याच्या लाळेने आमची मान भिजली. आमचे केस मुठीत धरून तो आनंदाने ओढीत होता. निम्म्या वाटेवर आम्ही मनाचा ठाव घेतला, तेव्हा तेथे कणव नव्हती. निव्वळ राग होता. ज्याच्या सेवेसाठी आलो त्याच्यावरच राग! त्या संध्याकाळी मिस्सा अर्पण करताना आम्हाला वेदीकडे पाहावेना.

गुरुविद्यालयात संत थॉमस अक्वायनस यांचे विचार आम्ही पाठ केले होते. प्रीती म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. मनात आपोआप उठणारी भावना स्वतः पापही नव्हे, पुण्यही नव्हे. परीक्षेत हे लिहिणे सोपे होते. पाठीवर ओझे असताना मात्र वाटते, आपली प्रीती खोटीच होती की काय?

बाबा आमटे यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून ते भयाने पळाले आणि पुन्हा माघारी आले. 1949 साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. आम्ही त्या परतण्याचे गोडवे गातो आणि पळण्याचा उल्लेख घाईने उरकतो. परंतु ते पळाले नसते तर परतले कशाला असते? मदर तेरेसा यांची पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षे आंतरिक काळोखात सेवा केल्याचे कळून अनेक भाविक हादरले. आम्हाला, खरे सांगावयाचे तर, धीर आला.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, स्वर्गाकडे पाहतो आणि उसासा टाकतो. प्रवचनात आम्ही चमत्कारावर बोलतो. हा उसासा कधी वाचूनच दाखवीत नाही.

इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासून भाज्याच्या कातळात कोरलेल्या विहारांत दगडी ओटे आहेत. लोकांत हिंडणाऱ्या भिक्षूंनाही पावसाळ्यात एका जागी टेकण्याची मुभा होती. परंतु अपंग मुलाच्या आईला कोणता विहार? आम्ही लेणी पाहून उतरलो, तेव्हा त्या मुलाची आई झाडाखाली गाढ झोपली होती. तिला उठविण्याचे धैर्य आम्हाला होईना. गाडी चुकली.

निघताना मुलाने खुणेनेच विचारले, पुन्हा कधी? आमच्यातील एक तरुणी भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “दर रविवारी येईन.” दोन रविवार ती गेली. तिसऱ्या रविवारी मूल दारात वाट पाहत बसले, असे त्याच्या आईने आम्हाला सांगितले, तक्रारीच्या सुरात नव्हे. त्या मुलीला आम्ही दोष दिला नाही; तिच्या वचनाचे सर्वांत मोठ्याने कौतुक आम्हीच केले होते.

आता आमच्या युवकांना आम्ही कोणावर प्रेम करावयास सांगत नाही. पाळी लावली आहे. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, तीन ते पाच. पाचला पाळी संपते हे मुलाला घड्याळ दाखवून आधीच सांगावयाचे. आणि थकलेल्याने तसे कबूल करून दुसऱ्याला पाळी द्यावयाची. त्या यादीत आमचेही नाव आहे. तो अजून केस ओढतो. ओढावयास आता थोडेच उरले आहेत. आई आत झोपलेली असते.