अचूक आणि चूक

कमठाण्याच्या आकाशाला विमानांची सवय आहे. बीदरच्या तळावर हवाई दलाचे शिकाऊ वैमानिक तयार होतात. २००८ पासून तिथे हॉक विमाने आली. त्यांच्या आवाजाने आमच्याकडे खुरपणाऱ्या बाया मानही वर करीत नाहीत.

पण ज्या विमानात माणूसच नाही, त्याचे काय? जुलै २०२५ मध्ये कर्नूलजवळ डीआरडीओने ड्रोनवरून सोडायच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. त्याच्या नावातच अचूकपणा आहे, आणि मी अडलो तो त्याच शब्दापाशी.

मराठीत नेम चुकतो आणि माणूसही चुकतो. आपल्या शेजारच्या कन्नडातही तेच: ‘गुरी तप्पितु’ म्हणजे नेम चुकला, आणि ‘तप्पु’ म्हणजे अपराधसुद्धा. दोन्ही भाषांनी या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधल्या. म्हणून ‘अचूक’ म्हटले की अस्त्र जणू निर्दोष वाटू लागते.

लेसरच्या अस्त्राची रीत अशी. ड्रोन लक्ष्यावर अदृश्य किरण रोखून धरतो. तिथून परतणारा प्रकाश हुडकत क्षेपणास्त्र वळत जाते. किरण जिथे, घाव तिथे. तिथे कोण आहे, हे किरणाला कळत नाही. याचा उपयोग मी नाकारीत नाही. जून १९९९ मध्ये टायगर हिलवर आपल्या मिराज विमानांनी लेसरचेच बॉम्ब टाकले. तिथे शत्रू कोण, याविषयी संशय नव्हता.

काबूलमध्ये तो असायला हवा होता. २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकन ड्रोनने, कित्येक तास पाळत ठेवून, एका मोटारीवर हेलफायर सोडले. नेम बरोबर लागला. मेलेल्या दहांत सात मुले होती. मोटार मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्याची निघाली, आणि तिच्यात भरलेले डबे पाण्याचे होते, असे पुढे पत्रकारांनी शोधून काढले.

श्रावणबाळाची गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. दशरथाचा शब्दवेधी बाणही अचूकच होता. घागर भरल्याचा आवाज त्याने हत्तीचा समजला, एवढेच. परंतु बाण लागल्यावर तो धावत नदीकाठी गेला, पाणी घेऊन आंधळ्या आईबापांपुढे उभा राहिला आणि मीच मारले म्हणाला. ड्रोन चालवणाऱ्याला पडद्यापलीकडे जाता येत नाही, हे मान्य. मग पाणी घेऊन जायचे कोणी? काबूलची चूक अमेरिकन सैन्याने महिन्याच्या आत कबूल केली. डिसेंबर २०२१ मध्ये, कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असे जाहीर झाले.