दिसू दे, दिसू नको

एप्रिल लागला की फोनवर याद्या सुरू होतात. उन्हाळ्यात करायच्या दहा गोष्टी, वीकेंडला कुठे जाल, मुलांना सुट्टीत काय दाखवाल. मध्यंतरी अमेरिकेच्या मधल्या भागातल्या कुठल्याशा शहराची अशी एक यादी माझ्यापर्यंत आली होती. तळ्याकाठी गाणी, शेतकऱ्यांचा बाजार, आईस्क्रीम, बेसबॉल. तिथले लोक कितीतरी महिने थंडीत कोंडलेले असतात, त्यामुळे उन्हाळा आला की त्यांना बाहेर पडायची घाई होणारच. मी ते सगळं शांतपणे वाचलं, कारण त्या दिवशी आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर होता आणि बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता.

मग गंमत म्हणून सिरोंचाची यादी करायला घेतली. सिरोंचा हे महाराष्ट्राचं अगदी आग्नेय टोक. नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ, घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, टीव्हीवर दोन्ही. यादी तशी बरी झाली. संध्याकाळी प्राणहितेचा काठ. पलीकडे तेलंगणात कालेश्वरमचं मंदिर, जिथे एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत. पूल व्हायच्या आधी लोक तिथे नावेने जायचे. खाली सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते, ते पात्र पाहण्यासारखं आहे. वडधमला जीवाश्म आहेत. याच भागातल्या खडकांत सापडलेल्या बारापासॉरस नावाच्या अवाढव्य डायनासोरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. (संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसा पोचला, हा वेगळ्या लेखाचा विषय.) आणखी थोडं वर आलं तर कमलापूरचे हत्ती. एवढ्यावर कुठल्याही ट्रॅव्हल पेजचं काम भागेल.

पण यादी लिहिताना एक गोष्ट खटकत राहिली. अशा यादीतला ‘तुम्ही’ कोण असतो? ज्याला मे महिन्यात वेळ आहे, असा कोणीतरी. आणि सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागातल्या कितीतरी घरांना वर्षात सगळ्यात कमी वेळ असतो तो मे महिन्यातच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची. मे लागला की तेंदूपत्ता. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वापरकर्त्याला ‘एज केस’ म्हणतो, म्हणजे कडेचा, क्वचित येणारा. इथे कडेचा तो आहे, ज्याला सुट्टी आहे.

तेंदूचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उजाडायच्या आधी घरून निघायचं. ऊन चढेपर्यंत कोवळी, बिनभोकाची, विडीला चालतील अशी पानं तोडायची. ओझं डोक्यावर घेऊन घरी यायचं आणि सावलीत बसून पुडके बांधायचे. एका पुडक्यात सत्तर पानं. अशा हजार पुडक्यांचं एक प्रमाण पोतं. संध्याकाळी ते फळीवर न्यायचे, तिथे मोजणी होते, मग पुडके उन्हात वाळत घातले जातात. पानं बांधायला घरातलं प्रत्येक माणूस लागतं, आजीपासून तिसरीतल्या पोरापर्यंत. गडचिरोलीत बऱ्याच ठिकाणी आता ग्रामसभा स्वतः पानांचा लिलाव करतात. पेसा आणि वनहक्क कायद्याने मिळालेला तो अधिकार आहे आणि छोटी गोष्ट नाही. हंगाम असतो जेमतेम काही आठवड्यांचा. त्या पैशातून खरिपाचं बियाणं येतं, जूनमधल्या वह्या येतात, जुनं उधार फिटतं.

आता त्या तिसरीतल्या पोराला सुट्टी आहे की नाही? शाळेला आहे. ते जंगलात जातं, टेंभरं खातं, पाडाचे आंबे पाडतं, भावंडांशी भांडतं, आणि दुपारी शंभर पुडके बांधून देतं. शहरातल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा निम्मे म्हणतात, ‘अरे काय भारी बालपण’, आणि निम्मे म्हणतात, ‘ही तर बालमजुरी’. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. मजा आणि काम यांच्यात रेघ मारून ठेवायची सवय आपली आहे, कारण आपल्या कामाला लॉगिन आणि लॉगआउट असतं. पण म्हणून तिथे रेघच नाही असंही नाही. दुपारी दोन वाजता पाठीला रग लागलेल्या बाईला ‘मजा येते का’ असं विचारून पाहा.

आमच्या शेजारी एक काकू होत्या, माहेर आलापल्लीकडचं. पत्त्याच्या दिवसांत माहेरी जायच्या, घरच्यांबरोबर पानं तोडायला. मी नोकरीला लागल्यावर मित्रांसोबत ताडोब्याला जाऊन आलो, ते त्यांना कळलं. सफारीला किती पैसे पडले हेही त्यांनी विचारून घेतलं. आकडा ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पैसे देऊन वाघ पाहाले जाता का, बाबू? आम्ही तं रानात जाताना देवाले म्हणतो, दिसू नको म्हणून.”

त्यात टोमणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात. १९८२च्या ऑगस्टपर्यंत सिरोंचाही त्याच जिल्ह्यात होतं, तेव्हा ताडोबा परका वाटत नाही. उन्हाळ्यात काय करावं याच्या मराठी याद्यांमध्ये तो हमखास वर असतो. आणि तो उन्हाळ्यातच का? कारण एप्रिल-मेमध्ये पानगळीने जंगल उघडं पडतं, नाले आटतात, आणि वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं. पावसानंतर त्याला कुठेही पाणी मिळतं, म्हणून तो दिसत नाही. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटवर पहाटे जिप्सीत बसलेल्या माणसाचं नशीब वाघाच्या तहानेवर ठरतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजायचा कार्यक्रम असतो, ‘निसर्गानुभव’ म्हणतात त्याला. त्याचंही गणित तेच: भरपूर चांदणं आणि मोजकं पाणी. दुःखाचा शोध घेणाऱ्या माणसाच्या ज्ञानप्राप्तीची ती रात्र, आणि आपण तहानलेल्यांची वाट बघत श्वास रोखून बसलेलो. यात कोणी प्राण्यांना तहानलेलं ठेवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. उलट वनविभाग कृत्रिम पाणवठे भरतो. तरीही.

जिप्सी गेटमधून आत जाते त्याच वेळी, त्याच उजेडात, गेटबाहेरच्या जंगलात पानं तोडणाऱ्या बायका शिरलेल्या असतात. तेच जंगल, तेच वाघ. बफर आणि कोअर यांच्यातली रेघ वाघाला माहीत नसते. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यातही सफाऱ्या सुरू होत्या. एकाच पहाटे एक माणूस मनात म्हणतो, दिसू दे, आणि दुसरा म्हणतो, दिसू नको. दोघंही मनापासून म्हणतात.

याच्यापुढे नीतीचा प्रश्न नेमका काय आहे, ते मला बराच वेळ सापडत नव्हतं. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा १९७२चा निबंध प्रसिद्ध आहे. समोर तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार नाही. मग दूर कुठेतरी माणसं मरत असताना चैनीवर खर्च कसा करता? त्याचं उत्तर सरळ आहे, सफारीचे पैसे चांगल्या कामाला द्या. पण माझा प्रश्न पैशाचा नाही. समजा मी तेवढेच पैसे दान केले आणि शिवाय सफारीलाही गेलो. हिशोब जुळला. काकूंचं वाक्य मात्र जिथल्या तिथे राहतं. ते खर्चाबद्दल नाहीच. ज्याची तिला भीती वाटते तोच माझा आनंद आहे, याबद्दल ते आहे.

बेंथॅमसारखा माणूस म्हणेल, आनंद तो आनंद, किती आहे ते मोजा, कशाचा आहे ते विचारू नका. हे मला पटत नाही. आनंदाला विषय असतो. मी वाघ पाहून आनंदलो म्हणजे काचेपलीकडचं एखादं चित्र पाहून आनंदलो असं नाही. तो वाघ कुठेतरी जातो, काहीतरी खातो, कोणाच्या तरी वाटेत येतो. तेवढं सगळं फ्रेमच्या बाहेर ठेवलं तरच माझा फोटो चांगला येतो.

म्हणून मी स्वतःसाठी एक कसोटी करून पाहिली. ज्याला माझ्या मजेची झळ बसते किंवा ज्याच्या अडचणीवर ती उभी आहे, तो माणूस शेजारी येऊन बसला तर मजा टिकते का? जिप्सीत काकू बसल्या आणि वाघ दिसला, तर काय होईल? मला वाटतं आधी त्या घाबरतील, मग कदाचित बघतीलही, तासभर बघतील. आणि मग त्या जे बोलतील, त्याने माझी मजा संपणार नाही, तिचा रंग बदलेल. गाइडचं काम करणारी, जिप्सी चालवणारी बरीच पोरं ताडोब्याच्या आसपासच्या गावांतलीच आहेत. त्यांच्या घरातली बाई सकाळी पानांना गेलेली असू शकते आणि तो स्वतः पर्यटकांना पंजाचा ठसा दाखवत असतो. दोन्ही प्रार्थना त्याच्या एकाच घरात आहेत. पर्यटन बंद करा म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा विचारावं. सिरोंचातही माझ्या वयाची मुलं मला तेच म्हणतात: आमच्याकडे का येत नाही कोणी? त्यांना त्या यादीत यायचंय. जगण्यापुरतं कमवायला गाव सोडावं लागू नये, यात चूक काय आहे?

मी ताडोब्याला परत जाईन, हे लपवत नाही.

पण कसोटी सोपी आहे असं वाटत असेल तर प्राणहितेवर या. माझ्या लहानपणी उन्हाळ्यातली मजा म्हणजे नदी. पाणी एका बाजूला सरकायचं आणि अर्धं पात्र वाळूचं व्हायचं. संध्याकाळी वाळू तापलेली, पाय भाजायचे, मग अंधार पडला की तीच थंड. क्रिकेट, झरे खोदून पाणी काढणं, उशिरापर्यंत पाठ टेकून पडणं. २१ जून २०१९ला संगमाच्या खाली गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेजचं उद्घाटन झालं. पंच्याऐंशी दरवाजे, एक टोक तेलंगणात, दुसरं सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीत. कालेश्वरम प्रकल्पाचं ते तोंड. इथून पाणी उपसून तेलंगणातल्या कोरड्या शेतांकडे न्यायचं. आमच्या बाजूला फुगवट्याचं पाणी आलं. काठावरच्या शेतांत पाणी शिरलं, लोकांनी मोबदल्यासाठी आंदोलनं केली, आणि उन्हाळ्यातली वाळू कितीतरी ठिकाणी पाण्याखाली गेली. वाळूसाठी अर्थातच कोणी आंदोलन केलं नाही. खेळायची जागा गेली म्हणून कोणाकडे अर्ज करणार?

मग ऑक्टोबर २०२३मध्ये बॅरेजचे काही खांब खचले. दरवाजे उघडले, साठलेलं पाणी सोडून द्यावं लागलं. पुढच्या उन्हाळ्यात वाळू परत आली. पोरं खेळायला लागली. मीही गेलो, पाठ टेकून पडलो, आणि मनापासून खूश होतो.

इथे ती कसोटी लावा. पलीकडच्या काठावर कोणीतरी भाताची लावणी या पाण्याच्या भरवशावर ठरवली असेल. हजारो कोटींचं काम, लोकांच्या करातून झालेलं, नीट उभं राहिलं नाही म्हणून मला वाळू मिळाली. एका इंजिनिअरने दुसऱ्या इंजिनिअरांच्या ढासळलेल्या कामावर आडवं पडून चांदण्या मोजाव्यात, हे मला काही शोभत नाही. तेलंगणातला तो शेतकरी येऊन शेजारी बसला तर मी काय बोलू? आणि आमच्या बाजूचा, ज्याचं शेत तेव्हा बुडालं, तो दुसऱ्या बाजूला बसला तर? माझी मजा त्या दोघांच्या मध्ये पसरलेली आहे, आणि मला उठावंसं वाटत नाही. कोणाचंही नुकसान न करणारी मजा शोधायला निघालो होतो. या काठावर ती नाही. बहुधा कुठल्याच काठावर नसेल. बेसबॉलच्या त्या मैदानाखालीही आधी कोणीतरी राहत असणार.

काकूंना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढं लांबलचक ऐकून त्या म्हणाल्या असत्या, चहा घे. एवढं मात्र केलं, की पुढच्या मे महिन्यात सुट्टी घेऊन आलो तेव्हा त्यांच्या माहेरी गेलो. पहाटे बरोबर जंगलात नेलं नाही त्यांनी, “तुमचा पाय तिथं नाही चालाचा” म्हणून. दुपारी सावलीत पुडके बांधायला बसवलं. माझे सैल व्हायचे. त्यांची नात ते सोडून पुन्हा बांधायची आणि हसायची, तेलुगूत काहीतरी म्हणायची, आजीही हसायची. सत्तर मोजताना माझी मोजणी दोनदा चुकली.

संध्याकाळी फळीवरून येताना तिच्या मामाने नदीतल्या डांगरवाडीतून आणलेलं टरबूज फोडलं. ओल्या वाळूत लावलेली वेल, बॅरेजचं पाणी होतं तेव्हा ती जागा नव्हती, असं तो सांगत होता. वाघाचा विषय निघाला. त्या आठवड्यात पलीकडच्या नाल्यात कोणाला तरी ठसे दिसले होते. सगळे एकदम बोलायला लागले, किती मोठा, कुठल्या दिशेने, ताजे की शिळे. पोरं कान टवकारून ऐकत होती. मी विचारलं, उद्या तिकडे जाणार का पानांना?

“जाणारच,” काकू म्हणाल्या. “तिकडचं पान चांगलं आहे.”