शाळेची बातमी आईला कधी कळते?

"आज अंडं नव्हतं." जिल्हा परिषदेच्या शाळेतून घरी आलेलं मूल दप्तर टेकवता टेकवता एवढंच सांगतं. का नव्हतं, असं आईने विचारलं तर त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं तर उत्तर मिळतं, "वरून आलंय." राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी पैसा थांबला. यापुढे अंडं द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं ठरलं. ज्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तिच्या माथी खर्च आला. पण त्या पालकांच्या घरी ही बातमी कोणी नेली? कित्येक गावांत ती सात-आठ वर्षांच्या मुलांनीच नेली, तीही अर्धीच.

सरकारी शाळा घरी काहीच कळवत नाही, असं कोणी म्हणणार नाही. उद्या सुट्टी आहे. शनिवारी सकाळची शाळा. आधार कार्डाची झेरॉक्स आणा. बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान आणा. हे सगळं वेळेवर कळतं, पण या सूचना झाल्या. काय करायचं तेवढं सूचना सांगते. काय घडतंय, कशामुळे घडतंय, कोण ठरवतंय आणि आपलं म्हणणं कधीपर्यंत मांडता येईल, हे सांगते ती बातमी. सूचना मिळालेला पालक कागद घेऊन रांगेत उभा राहतो. बातमी मिळालेला पालक प्रश्न विचारतो. आपण सरकारी शाळेतल्या कुटुंबांना सूचना देतो आणि बातमीपासून दूर ठेवतो. या शाळांवरचा लोकांचा विश्वास ओसरतोय, त्याची इमारतीपासून इंग्रजीपर्यंत अनेक कारणं सांगितली जातात. मला हे कारण त्यातल्या कशाहूनही कमी वाटत नाही.

एखाद्या दोनशिक्षकी शाळेतली सकाळ आठवून पाहा. परिपाठ झाला की फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि उपस्थिती लिहिली जाते: पट ४३, हजर ३८. मग किती मुलं जेवणार तो आकडा ॲपवर जातो. तेवढ्यात केंद्राच्या ग्रुपवर एक लिंक येते, 'तात्काळ भरावी'. वर्षभरात यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलांवरच्या नोंदी आहेत, आधार जुळवणी आहे, आता प्रत्येक मुलाचा अपार क्रमांक आहे. मुख्याध्यापकाकडून केंद्रप्रमुखाकडे, तिथून विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मग पुण्याचं आयुक्तालय आणि मंत्रालय, अशी ही माहिती पायरी पायरीने चढत राहते. शिक्षकांच्या बोलण्यात 'माहिती' या शब्दापुढे येतं ते 'भरायची' किंवा 'पाठवायची'. 'सांगायची' क्वचितच येतं. मुंबईपर्यंतचा रस्ता रोज तुडवला जातो आणि शाळेच्या फाटकापासून वस्तीपर्यंतची पायवाट गवताने भरून जाते. याचा दोष मी शिक्षकांना देत नाही. ज्याला वरच्या सात जणांना दिवस मावळायच्या आत उत्तर द्यायचं आहे, त्याच्याकडे पारावर बसून चार आयांशी बोलायला वेळ उरत नाही.

व्हरांड्यातला फलकही हेच सांगतो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या तैलरंगात शाळा व्यवस्थापन समितीची नावं लिहिलेली असतात: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, महिला सदस्य. समितीची मुदत दोन वर्षांची. रंग मात्र चांगला टिकतो, म्हणून ज्यांची मुलं केव्हाच सातवी होऊन हायस्कुलात गेली, त्यांची नावं अजून भिंतीवर दिसतात. तपासणीला येणाऱ्या साहेबांना फलक आहे की नाही ते पाहायचं असतं. तो आज खरा आहे का, हे फक्त गावालाच सांगता येईल, आणि गावाला तसं कोणी विचारत नाही.

कायद्यात कसर नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं बहुमत हवं, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घरांतल्या पालकांना प्रमाणात जागा हवी, हे कलम २१ सांगतं. त्याहून महत्त्वाचं कलम २४, आणि त्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती आणि त्याच्याबद्दलची इतर महत्त्वाची माहिती पालकांना देणं, हे त्या कलमाने शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. माहिती अधिकार कायदा त्याच्याही आधीचा, २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार सरकारी कार्यालयांनी कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती जाहीर करायची आहे, आणि तीही स्थानिक भाषेत, त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने. म्हणजे आईला कळेल अशा बोलीत आणि तिच्यापर्यंत पोचेल अशा वाटेने शाळेचा कारभार सांगणं हा कायदाच आहे. एखाद्या मनमिळाऊ गुरुजींची ती मेहेरबानी नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहू. 'इयत्ता तिसरी पालक' असा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात नंबर असतो बापाचा, कारण घरातला स्मार्टफोन त्याच्याकडे. तो पुण्याजवळ एखाद्या कंपनीत कामाला किंवा दिवसभर शेतात. मुलाचं डबा-दप्तर, आजारपण, अभ्यास पाहणारी आई त्या ग्रुपमध्ये नसतेच. पालक सभा ठेवली जाते सकाळी अकरा वाजता, म्हणजे मजुरीवर गेलेली बाई रोज बुडवल्याशिवाय येऊ शकत नाही. ती आली नाही की प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी पाठवलं जातं. ठराव वाचून दाखवायला कोणाला सवड नसते. ती सही करते किंवा अंगठा उठवते, आणि कागदावर सभा भरल्यासारखी होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गोष्ट आणखी अवघड. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो तो उन्हाळ्यातच परततो. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतं. शाळेची सगळी देवघेव आजीशी, आणि फडातल्या आईला लेकराचं काय चाललंय ते पंधरा दिवसांतून एकदा फोनवर कळलं तर कळलं. मेळघाटातल्या कोरकू आईसाठी, नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीच्या माडिया आईसाठी अडथळा भाषेचाच आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' हे मराठी माणसालाही नीट उमगत नाही, तर तिला काय उमगणार?

बातमी उशिरा येण्याची किंमत कुटुंबं मोजतात. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची, असा आदेश १६ एप्रिल २०२५ ला निघाला. विदर्भ वगळता राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि दुसऱ्याच दिवशी सुधारित आदेश आला. २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा शाळेत पाऊल टाकत होतं, आणि ते कोणत्या भाषा शिकणार हे त्याच्या आईबापांना टीव्हीवरच्या भांडणांतून समजत होतं. हिंदीच्या बाजूने असो वा विरोधात, आपलं मत शाळेत नोंदवण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. गणवेशाचंही असंच झालं. २०२४-२५ मध्ये कापड वरून यायचं आणि शिलाई बचत गटांमार्फत व्हायची. कितीतरी शाळांत पाऊस सरला तरी कपडे आले नव्हते. "गणवेश कधी येणार?" या पालकांच्या रोजच्या प्रश्नाला गुरुजींकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी २०२४ च्या डिसेंबरमध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

सर्वांत धाकधुकीचा विषय कमी पटाच्या शाळांचा. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा राज्यात २०२३ मध्ये १४ हजारांहून अधिक होत्या, आणि त्यांच्याऐवजी समूह शाळा उभ्या करण्याचा विचार तेव्हापासून जाहीरपणे मांडला गेला. समूह शाळेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जास्त शिक्षक मिळतील, सोबती मिळतील, खेळ-प्रयोग होतील. पण डोंगरातल्या वाडीवरच्या आईला आधी वेगळंच जाणून घ्यायचं असतं. गाडी कुठून येईल, ओढ्याला पूर आला तर काय, पोरीबरोबर कोण असेल. उत्तर मिळत नाही तेव्हा जागा अफवा घेते. "आपली शाळा बंद होणार म्हणे" एवढं वाक्य पसरलं की दोन घरं मुलांना दुसरीकडे घालतात, पट आणखी उतरतो आणि अफवा स्वतःला खरी करून घेते.

विचारायचं तरी कोणाला? बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासकांचा कारभार राहिला. शिक्षण समितीत बसणारा, निदान मतांसाठी तरी दारात येणारा सदस्यही त्या काळात नव्हता.

अमेरिकेत न्यू जर्सीला राहणारी मराठी घरं याहून वेगळा अनुभव घेतात. तिथे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं उघडपणे कारभार करतात. खुल्या सभांचा १९७५ चा कायदा आहे, आणि सभेची वेळ, जागा व तोवर ठरलेले विषय किमान ४८ तास आधी जाहीर करावे लागतात. तिथल्या शाळांचेही अनेक प्रश्न आहेत आणि पैसा वेगळा आहे. पण ४८ तास आधी सांगायला पैसा लागत नाही. निर्णय होण्याआधी ज्याच्यावर तो लागू होणार त्याला कळलं पाहिजे, एवढं मानायला लागतं.

यावर आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, पालकांना रस नसतो. दुसरं, सगळं सांगितलं तर राजकारण होतं. पहिलं उत्तर मला पटत नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. मुलं भिंतीपाशी थांबून शिकली आणि शाळेत काय शिकवतात ते येता-जाता मोठ्यांच्याही डोळ्यांसमोर राहिलं. शाळा जेव्हा वस्तीत येते तेव्हा वस्ती तिच्याकडे पाहते. सकाळी अकराच्या सभेला जो येत नाही तो उदासीन असतोच असं नाही. तो कामावर असतो. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. गावात गट असतात, समितीचं अध्यक्षपदही त्यांच्या रस्सीखेचीत सापडतं. पण राजकारण अर्धवट माहितीवर पोसलं जातं. किती निधी आला आणि कशावर खर्च झाला हे भिंतीवर लिहिलेलं असेल, तर कुजबुजीला जागा कमी उरते.

करायचं काय, ते फार अवघड नाही. वर जाणाऱ्या लिंकांपैकी निम्म्या बंद कराव्यात आणि तो वेळ शिक्षकाला पालकांसाठी मिळावा. पालक सभा दिवेलागणीनंतर, वस्तीत, देवळाच्या ओट्यावर घ्यावी. प्रत्येक वर्गाच्या यादीत आईचा नंबर वेगळा नोंदवावा, आणि तिच्याकडे फोन नसेल तर निरोप कोणाकडे द्यायचा ते तिलाच विचारावं. शाळेविषयीचा कोणताही सरकारी निर्णय झाला की जिल्हा परिषदेने दहा ओळींत, घरात बोलतो त्या मराठीत, पालकांसाठी पत्र काढावं. आदिवासी भागात ते तिथल्या बोलीत वाचून दाखवावं. शाळेत येणारा पैसा आणि समितीचे ठराव फळ्यावर तारखेनिशी लिहावेत. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात आणि त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. शाळेचा विषय त्या दोन्ही ठिकाणी कायमचा असावा. आणि शाळा हलवायची, जोडायची किंवा बंद करायची असेल तर निर्णयाच्या निदान महिनाभर आधी गावाला लेखी कळवून, गावाचं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हा लेख वाचणाऱ्यांतल्या अनेकांची मुलं खासगी शाळेत जात असतील. तिथे फी भरणाऱ्याला ॲपवर सगळं कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली आई फी भरत नाही, म्हणून तिला कळायचा हक्क कमी होत नाही. ती शाळा तिच्या आणि आपल्या सर्वांच्या करातून चालते. तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा शाळेच्या व्हरांड्यातला तो निळा फलक वाचा. त्यावरच्या एका महिला सदस्याचं घर शोधा आणि गेल्या महिन्यात शाळेत काय ठरलं, ते तिला विचारा. तिला सांगता आलं नाही, तर येत्या ग्रामसभेत उभं राहून हे सांगा.